रांगेतली स्वस्ताई

जुन्या भावांच्या याद्या वाचायला सगळ्यांनाच आवडतात. एखाद्या सराफी पेढीची जुनी पावती, वाण्याच्या वहीतले पिवळे पडलेले पान समोर येते आणि साठच्या दशकाच्या अखेरचे आकडे बघून तोंडून आपसूक निघते, ‘काय स्वस्ताई होती!’ आकडे खोटे नसतात. १९६९ साली १० ग्रॅम सोन्याचा भाव पावणेदोनशे रुपयांच्या आसपास होता. पण हाच आकडा चार वर्षे मागे नेऊन पाहावा. १९६५ साली तेच सोने सत्तर-बहात्तर रुपयांत येत होते. म्हणजे १९६९ साली मुलीच्या लग्नासाठी सराफाची पायरी चढलेल्या बापाच्या डोळ्यांसमोर चार वर्षांत जवळजवळ अडीचपट झालेला भाव होता. ज्याला आपण स्वस्ताई म्हणतो, तिच्याखाली त्या माणसाची कंबर मोडत होती. रोजच्या गरजांचेही तेच. १९६४ पासून १९६७ पर्यंत सलग चार वर्षे देशातल्या ग्राहक किमती दर वर्षी १० टक्क्यांच्या आगेमागे चढत राहिल्या. आणि मिळकत? १९७०-७१ साली देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे ६३३ रुपये होते, म्हणजे महिन्याला पन्नासाच्या थोडे वर. हे शेजारी मांडल्याशिवाय कुठल्याही जुन्या भावाला काही अर्थ राहत नाही. तरी माझे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. पगार आणि भाव यांचे गुणोत्तर काढले तरी त्या काळाची खरी किंमत हाती लागत नाही, कारण त्यातली मोठी रक्कम पैशात भरलीच जात नव्हती. ती वाट पाहण्यात भरली जात होती.

हे असे का झाले, ते त्या वर्षांच्या बातम्यांतच आहे. १९६५ आणि १९६६, दोन्ही वर्षे पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकले होते. पुढच्याच वर्षी ते ७ कोटी २० लाख टनांवर आले. १९६६ या एका वर्षात १ कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावे लागले आणि त्यातले बहुतेक पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेले होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा पुरवठा आखूड दोरीवर ठेवला होता. थोडे सोडायचे, मग पुढचे बघू. त्यामुळे धान्याच्या बोटींची ये-जा हा त्या काळी स्वयंपाकघराचा प्रश्न होता. त्यातच ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. परकी चलन आधीच तुटपुंजे, ते आणखी महाग झाले आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे परवाना, कोटा, अर्ज आणि यादी उभी राहिली. पहिल्या पानावरचा मथळा आणि डब्यातले पीठ यांच्यात इतके कमी अंतर मराठी घरांनी क्वचितच अनुभवले असेल.

रेशनच्या दुकानावर ते अंतर पुरते मिटत असे. कार्डावर युनिटे मोजलेली, मोठ्या माणसाचे एक, लहान मुलाचे अर्धे. साखर आली आहे अशी हाक चाळीत फिरली की पिशव्या निघत. माल संपायच्या आत नंबर लागला तर ठीक, नाहीतर उद्या पुन्हा. रॉकेलची रांग वेगळी आणि डबा वेगळा. पहाटे आरेच्या केंद्रावर दुधाचे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन उभे राहायचे ते निराळेच. मिळालेला गहू कधी लालसर अमेरिकन, कधी त्याऐवजी मिलो नावाची परकी ज्वारी. तिची भाकरी थापताना मोडे, म्हणून ती थापायलाही वेळ जास्त. तांदूळ घरी आला की निवडायचा, गहू पाखडून वाळवून गिरणीत द्यायचा आणि तिथेही थांबायचे. या सगळ्या तासांची बेरीज एखाद्या अर्थतज्ज्ञाने मांडली असती तर किलोमागचे पैसे दुय्यम ठरले असते. ती बेरीज मांडली गेली नाही, याचे कारण ते तास बहुतेक बायकांचे होते आणि थोडे मुलांचे. घरच्या बाईच्या वेळेला कुठल्याच भावफलकावर जागा नव्हती. ‘आमच्या वेळी सगळे स्वस्त होते’ हे वाक्य पुरुषांच्या तोंडी जितके सहज येते तितके बायकांच्या तोंडी येत नाही. यात स्वभावाचा काही भाग नाही. कुणी काय भरले, याचा तो हिशेब आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो हलका नाही. रांगेत सगळे सारखे होते, असे म्हणतात. रेशन नसते तर ज्याच्या खिशात जास्त त्याने धान्य उचलले असते आणि गरीब उपाशी मेला असता. हे मला मान्य आहे. १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारने काय भोगले ते डोळ्यांसमोर ठेवले तर मुंबईसारख्या शहरात मोजून का होईना प्रत्येकाच्या पदरात धान्य पडले, ही लहान गोष्ट नव्हती. रेशनिंग खात्यातल्या कारकुनापासून बंदरावरच्या हमालापर्यंत ज्यांनी ते शक्य केले त्यांचे ऋण मोठेच आहे. पण रांगेत सगळे सारखे होते, हे वाक्य रांगेत उभे राहणाऱ्यांपुरतेच खरे. ज्याची ओळख होती त्याची पिशवी मागच्या दाराने भरत असे. वशिला हा शब्द त्या दशकात चलनासारखा वापरला गेला. साखरेचे उदाहरण तर सरकारी कागदावरचे आहे. १९६७-६८ च्या हंगामापासून साखरेवरचे नियंत्रण अर्धेमुर्धे उठले. कारखान्यांनी ६० टक्के साखर सरकारला ठरलेल्या दराने द्यायची आणि ४० टक्के खुल्या बाजारात विकायची. ज्या महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची धुराडी एकामागून एक उभी राहत होती, तिथेच एका साखरेला दोन किमती आल्या. एक पैशाने कमी आणि वेळेने भारी, दुसरी पैशाने भारी आणि वेळेने हलकी. जुन्या भावांच्या यादीत यांपैकी कुठली किंमत लिहायची? बहुतेक याद्या पहिली लिहितात आणि तिच्या पोटातला वेळ सोडून देतात.

अन्नाच्या पलीकडे गेले की वाट पाहणे दिवसांवरून वर्षांवर जाई. पुण्यात तयार होणारी बजाजची स्कूटर आगाऊ रक्कम भरून, नंबर लावून, वर्षानुवर्षे थांबून मिळे. ज्याला थांबायचे नसे तो कुणाचा तरी लागलेला नंबर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन घेई. फियाटचे तसेच, टेलिफोनचे त्याहून कठीण. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि घंटी वाजेपर्यंत यंत्राजवळून हलायचे नाही. या वस्तूंच्या छापील किमती कमी वाटतात, पण छापील किमतीला वस्तू हातात येत नसेल तर ती किंमत नुसती अर्जाची फी ठरते. याचा एक पुरावा मला जाहिरातींत दिसतो. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवर विविधभारतीची जाहिरात सेवा सुरू झाली. त्या काळच्या रेडिओवर आठवडाभर कानांवर काय पडे? साबण, टूथपेस्ट, चहा, केसांचे तेल, डोकेदुखीचा बाम, कापड. दुकानात जाऊन लगेच विकत घेता येईल अशाच वस्तू कंठशोष करून विकाव्या लागत होत्या. स्कूटरला गाणे लागत नव्हते. तिच्यापुढे गिऱ्हाईक आधीच उभे होते.

बातमीही टंचाईच्या याच कायद्याखाली होती. वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः बाहेरून येणारा आणि त्यावर सरकारी कोटा, म्हणून पाने मोजकी. त्या मोजक्या पानांत महाराष्ट्राने काय काय वाचले! जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदहून आलेली लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूची बातमी, १९६७ च्या निवडणुकीत राज्याराज्यांत ढासळलेली काँग्रेस, त्याच वर्षी जानेवारीत गोव्याने महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध दिलेला कौल, ऑगस्टमध्ये महाजन आयोगाच्या अहवालाने सीमाभागाला बसलेला धक्का, जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण. पण दोन घटना अशा आहेत की त्यांत वाट पाहण्याचे स्वरूप स्वच्छ दिसते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास, कोयनानगर हादरले. धक्का पुण्यामुंबईतही जाणवला. त्या वेळी सकाळची वर्तमानपत्रे छापून झाली असणार किंवा यंत्रावर असणार. हजारो घरांतली माणसे भांडी वाजताना जागी झाली, पण जमीन कुठली हलली आणि माणसे कुठली गेली, हे त्यांना ठाऊक नव्हते. शरीराला बातमी आधी कळली आणि मनाला तासातासाने. सुमारे १८० माणसे दगावली होती. दुसरी घटना पुढची, १९६९ ची. नील आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, साडेआठ वाजत आले होते. पेपर घरोघर टाकून झाला होता. टेलिव्हिजन देशात फक्त दिल्लीत, मुंबईत तो यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. म्हणजे आपल्या लोकांनी चंद्र कानांनी पाहिला, आधी रेडिओवर, आणि डोळ्यांनी नंतर, छापलेल्या छायाचित्रात किंवा चित्रपटाआधीच्या वार्तापटात. ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग आणि त्यांचे दोन सहकारी अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत आले, त्यांना बघायला लोटलेल्या गर्दीचे मूळ या उशिरा भागलेल्या भुकेत असले पाहिजे, असे मला वाटते.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. वाट पाहण्यातच गोडी होती, असे तो म्हणतो. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागे; आठवडाभर थांबायचे म्हणून ते गाणे अंगात मुरायचे. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत शेजारच्या घरातली माणसे होऊन जात, कारण चाळीतले चार संसार एका रेडिओभोवती बसत. ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली आली, ‘श्रीमान योगी’ त्यानंतर लगेच. वाचनालयात नंबर लावून, महिनोन्‌महिने थांबून ती पुस्तके हाती पडत आणि घरातला प्रत्येक जण परत करायच्या तारखेच्या आत वाचून काढी. रेडिओ विकत घेणे मोठा खर्च, वर दर वर्षी पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना. तबकड्या आणि फोनो तर थोड्यांकडेच. त्यामुळे गाणे एकट्याचे कधी नव्हतेच. आजच्या माणसाला हवे ते गाणे हव्या त्या क्षणी मिळते आणि दुसऱ्या क्षणी ते विसरते, तेव्हा टंचाईनेच आपल्याला रसिक बनवले, असे म्हणायला काय हरकत आहे?

हरकत अशी की त्यात श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते. टंचाईने काही निर्माण केले नाही. तिने फक्त वाटा बंद केल्या आणि माणसे उघड्या राहिलेल्या वाटेने गेली. मराठी चित्रपट आणि मराठी नाटक शेजारी ठेवून बघावे. कच्ची फिल्म बहुतांशी परदेशातून येणारी, कोट्यात बांधलेली, रंगीत तर फारच महाग. हिंदी पडद्यावर रंग पसरत असताना, १९६९ च्या ‘आराधना’ने राजेश खन्नाची लाट आणली त्या दिवसांतही, मराठी चित्रपट बहुतेक काळा-पांढराच राहिला. नाटकाला मात्र फिल्म लागत नव्हती. त्याला लागत होते लेखक, नट, गायक, तालमीसाठी एक खोली आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक. हे सगळे इथेच होते आणि त्यासाठी दिल्लीत अर्ज करावा लागत नव्हता. ज्या डिसेंबर १९६७ मध्ये कोयना हादरली त्याच महिन्यात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आली. एका महिन्यात, एका भाषेत, इतक्या वेगळ्या प्रकृतीची दोन नाटके! रंगभूमीच्या त्या बहराला परंपरा, नाट्यसंस्था, स्पर्धा अशी आणखीही कारणे आहेत, ती मी नाकारत नाही. पण त्या बहराचे पितृत्व टंचाईकडे द्यायचे असेल तर त्याच टंचाईने चित्रपटाला जे खुरटवले तेही तिच्याच नावावर लिहावे लागेल. गोडीचेही तसेच. आठवडाभर थांबून ऐकलेल्या गाण्याची गोडी मला कळते. रॉकेलसाठी तीन तास उभे राहण्यात कुणाला गोडी लागली, असे कुणी सांगितलेले नाही. दोन्हींना ‘तो काळ’ म्हणून एका गाठोड्यात बांधले की पहिल्याची ऊब दुसऱ्यावर पसरते आणि दुसऱ्याचा दाह विझल्यासारखा वाटतो.

या सगळ्या रांगांत सर्वांत लांब रांग नोकरीची होती आणि तिने शहराचे राजकारण बदलले. मॅट्रिक होऊन, टंकलेखनाची परीक्षा देऊन, सेवायोजन कार्यालयात नाव घालून थांबलेल्या तरुणांच्या मनात साहजिकच प्रश्न आला की आपल्या पुढे कोण उभे आहे. ‘मार्मिक’ या साप्ताहिकाने परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि त्या प्रश्नाला रस्त्यावर आवाज मिळाला. त्या तरुणांची तहान खरी होती. पण आपल्या पुढच्या माणसाकडे बोट दाखवताना दुकानात मालच का नाही, हा प्रश्न मागे पडला, आणि तो मागे पडल्याचे नुकसान त्याच तरुणांचे झाले, असे माझे मत आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली. तिच्या तिकिटावर लोक पैशाइतकेच दुसरे काही विकत घेत होते: सगळ्या रांगा ओलांडून एकदम पुढे जाण्याची शक्यता.

शहराबाहेर चित्र आणखी निराळे होते आणि भावांच्या याद्यांत ते जवळजवळ नसतेच. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या शेतमजुराला मजुरी बऱ्याचदा धान्यात मिळे. त्याला ज्वारीचा भाव काय होता, हे विचारणेच गैरलागू. त्याची वाट पाहणे पावसाचे होते, ते कुठल्या कार्डावर नोंदले जात नव्हते. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्यासाठी जीव पणाला लावायची भाषा जाहीरपणे केली, संकरित ज्वारीचे बियाणे शिवारात आले, कणसे भरली. पोट भरायला त्या ज्वारीने हातभार लावला यात शंका नाही. तरी ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत बेचव या अर्थाने रुजला, दिसायला टपोरे आणि कस नसलेले अशा कशालाही तो लावला जाऊ लागला. ज्या दाण्याने भूक भागवली त्यालाच चवीवरून नावे ठेवली गेली, यात त्या पिढीचा कृतघ्नपणा शोधू नये. उपलब्ध असणे आणि हवे ते मिळणे यांतला फरक लोकांना जिभेवर कळत होता.

शेवटचा आक्षेप समाधानाचा. गरजा कमी होत्या, माणसे सुखी होती, तक्रार करत नव्हती, असे सांगितले जाते. तक्रार होत नव्हती हे तर सरळच चूक आहे. १९ सप्टेंबर १९६८ रोजी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी गरजेवर आधारित किमान वेतनासाठी संप केला. तो एका दिवसाचा होता तरी सरकारने कडक हाताने हाताळला आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांना महागाई भत्ता मिळत होता, ज्यांची नोकरी पक्की होती, त्यांची ही गत. थोड्याच वर्षांत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हातात लाटणे घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, त्या सत्तरच्या दशकात एका रात्रीत संतापलेल्या नव्हत्या. त्या साठच्या दशकभर रांगेत उभ्या होत्या.

म्हणून त्या वर्षांचे खरे भाव शोधायचे असतील तर सराफाच्या पावतीपेक्षा इतर कागद चाळावेत. ‘वाचकांची पत्रे’ या सदरात दुकानदार माल असून नाही म्हणतो असे लिहिणारे पोस्टकार्ड, दिवाळी अंकातली वाण्याच्या दारावरची व्यंगचित्रे, लग्नात किती पाहुण्यांना जेवू घालता येईल यावर बंधन घालणारा सरकारी हुकूम. आणि ते रेशनकार्ड, ज्याने धान्य मोजायला सुरुवात केली आणि पुढे मुलाच्या शाळेपासून गॅसच्या जोडणीपर्यंत सगळीकडे ‘हे कुटुंब इथे राहते’ याची साक्ष दिली. अनेक घरांत ते अजून ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या आणि जन्मदाखल्यांच्या गठ्ठ्यात सापडते. आतल्या पानांवर आठवड्यांचे चौकोन, धान्याचे प्रमाण, दुकानदाराची बारीक खूण. कुटुंबप्रमुख म्हणून नाव वडिलांचे, आजोबांचे. दर आठवड्याला पिशवी घेऊन कोण उभे राहिले, ते कार्ड पाहून कळत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे लागते, आणि अशा बाया आता थोड्याच उरल्या आहेत.